तिघे निसटले, नऊ मागे राहिले : रावळपिंडी, ऑगस्ट १९७२

१/
१३ ऑगस्ट १९७२. मध्यरात्र उलटली होती. रावळपिंडीतील युद्धकैद्यांच्या छावणीच्या भिंतीला पाडलेल्या भगदाडातून भारतीय हवाई दलाचे तीन अधिकारी एकामागून एक बाहेर सरकले आणि वादळी अंधारात दिसेनासे झाले. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर, फ्लाइट लेफ्टनंट मलविंदरसिंग ग्रेवाल आणि फ्लाइट लेफ्टनंट हरीश सिंहजी. ही तीन नावे इतिहासप्रेमींच्या परिचयाची आहेत. मात्र त्या छावणीत हवाई दलाचे एकूण १२ अधिकारी होते. हा थ्रेड त्या बाराही जणांविषयी.

२/
पार्श्वभूमी थोडक्यात. ३ डिसेंबर १९७१ रोजी पश्चिम आघाडीवर युद्ध सुरू झाले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. पश्चिमेकडे भारतीय वैमानिकांना वारंवार जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ले करावे लागले. अशा हल्ल्यात विमान अगदी खालून न्यावे लागते, म्हणजेच विमानविरोधी तोफांच्या टप्प्यातून. विमान जायबंदी झाले की छत्रीने उतरायचे, तेही बहुधा शत्रूच्याच मुलखात.

३/
असे एकेक करून रावळपिंडीत पोहोचलेले अधिकारी : विंग कमांडर कोएल्हो, स्क्वाड्रन लीडर जफा आणि कामत, तेजवंतसिंग, भार्गव, पेठिया, पारुळकर, ग्रेवाल, सिंहजी, चाटी, कुरुविला आणि मुल्ला-फिरोझ. धर्म, प्रांत, मातृभाषा यांचा विचार केला तर हा जणू भारताचा लहानसा नकाशाच. पारुळकरांचे सुखोई-७ हे विमान १० डिसेंबरला पडले होते. जफा यांच्यासारख्या काहींना विमानातून बाहेर फेकले जाताना गंभीर दुखापत झाली होती.

४/
पुढे जे घडले ते समजण्यासाठी लढाऊ स्क्वाड्रनची रीत माहीत हवी. आकाशात वैमानिक सहसा एकटा जात नाही. पुढे ‘लीडर’ आणि बाजूला, किंचित मागे त्याचा ‘विंगमन’. लीडर लक्ष्य शोधतो, निर्णय घेतो. विंगमन त्याची पाठ राखतो. हल्ल्याचे श्रेय अनेकदा लीडरच्या नावे जमा होते. पण मागे नजर ठेवणारा नसेल तर लीडरला पुढे पाहता येत नाही. दोन्ही कामांना कौशल्य सारखेच लागते.

५/
दुसरी रीत उड्डाणानंतरच्या चर्चेची, म्हणजे ‘डीब्रीफिंग’ची. तिथे कोणाचे काय चुकले हे स्पष्टपणे बोलले जाते आणि कनिष्ठालाही वरिष्ठाची चूक दाखवता येते. ताशी शेकडो किलोमीटर वेगाने जाणाऱ्या यंत्रात झाकलेली चूक दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी जीव घेऊ शकते. त्यामुळे हुद्द्याचा मान आणि मोकळेपणा या दोन गोष्टी स्क्वाड्रनमध्ये एकत्र नांदतात. रावळपिंडीत विमाने नव्हती, पण ही सवय सर्वांच्या अंगात मुरलेली होती.

६/
कैदेचे पहिले दिवस एकांतवासाचे आणि चौकशीचे होते. फ्लाइट लेफ्टनंट भार्गव यांची कथा यात वेगळी. विमान पडल्यावर त्यांनी आपण पाकिस्तानी वैमानिक असल्याची बतावणी केली आणि नाव सांगितले मन्सूर अली खान. क्रिकेटवीर पतौडींचे हे नाव त्यांना ऐनवेळी आठवले होते. काही काळ बतावणी खपून गेली. पुढे त्यांना कलमा म्हणून दाखवायला सांगण्यात आले आणि सोंग उघडे पडले.

७/
छावणीचे प्रमुख होते पाकिस्तानी हवाई दलाचे स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद. १९७१ च्या नाताळला त्यांनी सर्व कैद्यांना एकत्र आणले आणि केक मागवला. एकांतवासातल्या माणसांनी एकमेकांचे चेहरे पाहिले. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या हवाई दलांचा उगम एकाच ब्रिटिशकालीन परंपरेत होता. मेसचे शिष्टाचार सारखे, वरिष्ठाला संबोधण्याची पद्धतही सारखी. हे उस्मान हमीद कथेत पुन्हा येणार आहेत.

८/
एकत्र येताच कैद्यांची पुन्हा एक तुकडी झाली. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे कलम ७९ सांगते की अधिकाऱ्यांच्या छावणीत सर्वांत वरिष्ठ कैदी हाच इतरांचा प्रतिनिधी मानला जावा. हे स्थान विंग कमांडर कोएल्हो यांच्याकडे आले. पण कैदेतले नेतृत्व विचित्र असते. बढती देता येत नाही, शिक्षा करता येत नाही, बदलीही करता येत नाही. उरतो तो फक्त इतरांनी स्वेच्छेने मानलेला शब्द.

९/
अशा तुकडीत पारुळकर होते. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानाला गोळ्या लागल्या होत्या आणि त्यांचा उजवा खांदा जखमी झाला होता. उडी घेण्याचा सल्ला लीडरने दिला, तरीही त्यांनी मोडके विमान तळावर परत आणले. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले. १९७१ मध्ये त्यांनी आपल्या कमांडिंग ऑफिसरला आधीच सांगून ठेवले होते : विमान पडले आणि पकडलो गेलो, तर मी पळून येईन.

१०/
पण पळून जाणे योग्य होते का? इथे खरा पेच सुरू होतो. २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला. त्यात युद्धकैद्यांच्या परतीची तारीख ठरली नव्हती. तो विषय पुढील चर्चेसाठी ठेवला होता. म्हणजे सुटका आज ना उद्या होणार, पण कधी ते कोणालाच माहीत नाही. अशा वेळी जिवावर उदार होण्यात काय अर्थ, असा प्रश्न बरोबरच होता. ‘शत्रूच्या ताब्यात स्वस्थ बसणे हे सैनिकाचे काम नव्हे’ हे उत्तरही तितकेच बरोबर होते.

११/
या पेचाला एक भीषण पूर्वपीठिका होती. मार्च १९४४ मध्ये जर्मनांच्या ‘स्टालाग लुफ्ट ३’ या हवाई दलाच्या छावणीतून ७६ कैदी भुयारातून निसटले. सहाशेहून अधिक कैद्यांनी त्या योजनेसाठी श्रम केले होते. निसटलेल्यांपैकी फक्त तिघे सुखरूप पोहोचले, ७३ पुन्हा पकडले गेले आणि त्यांतील ५० जणांना हिटलरच्या आदेशावरून ठार मारण्यात आले. पलायनाची किंमत किती असू शकते, हे जगाला तेव्हा कळले.

१२/
युद्धानंतरच्या जिनिव्हा कराराने पळणाऱ्या कैद्याला भक्कम संरक्षण दिले. कलम ९२ : पलायनाचा प्रयत्न फसला तर केवळ शिस्तभंगाची शिक्षा. कलम ९० : अशी शिक्षा जास्तीत जास्त ३० दिवस. कलम ९३ : पळण्यासाठी नागरी कपडे घालणे किंवा सरकारी मालमत्तेची हानी करणे, यालाही तेवढीच शिक्षा, पळणाऱ्याला मदत करणाऱ्यालाही तेवढीच. अर्थात रात्री पहारेकऱ्याच्या बंदुकीतून सुटलेल्या गोळीला कलमे वाचता येत नाहीत.

१३/
ते ९३ वे कलम मागे राहणाऱ्या नऊ जणांना लागू होणारे होते. तिघांच्या पलायनाचा जाब या नऊ जणांना द्यावा लागणार होता. छावणीतील सवलती जाणार, पहारा कडक होणार, कदाचित परतीलाही विलंब होणार. योजना सर्वांनाच सारखी पटली होती असे नाही. वरिष्ठाने ‘नाही’ म्हटले असते तर ती तिथेच संपली असती. कोएल्हो यांनी तसे केले नाही. एक कनिष्ठ अधिकारी पुढे झाला आणि वरिष्ठाने त्याला पुढे होऊ दिले.

१४/
तयारीला पैसा लागतो. तो आला पुन्हा जिनिव्हा करारातून. कलम ६० नुसार युद्धकैद्याला दरमहा काही रक्कम आगाऊ द्यावी लागते : मेजरपेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याला ५० स्विस फ्रँक इतकी. फ्लाइट लेफ्टनंटचा हुद्दा भूदलातील कॅप्टनच्या बरोबरीचा, म्हणून तो याच गटात. स्थानिक चलनात मिळणाऱ्या या पैशातून शिल्लक टाकण्यात आली. शत्रूनेच नियमानुसार दिलेला पैसा बसच्या तिकिटासाठी साठत होता.

१५/
पाण्याची सोयही अशीच झाली. वेगाने वळताना वैमानिकाचे रक्त पायांकडे ओढले जाते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ते टाळण्यासाठी तो ‘जी-सूट’ घालतो. त्यातील रबरी पिशव्या हवेने फुगून पोट आणि मांड्या आवळतात. त्या पिशव्या पाणी नेण्यासाठी कामी आल्या. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र तयार झाले. पठाणी पोशाख मिळवण्यात आला. बारा डोकी एकाच प्रश्नावर काम करत होती.

१६/
सर्वांत अवघड काम भिंतीचे. पाच नंबरच्या कोठडीची भिंत जाड विटांची होती. हाताशी असलेल्या किरकोळ अवजारांनी विटांमधला चुना रात्रीमागून रात्री खरवडायचा आणि सकाळपूर्वी सारे पूर्ववत दिसेल असे करायचे. खरवडणारे हात थोडे. पण पहारेकऱ्याच्या फेऱ्या मोजणारे डोळे, इशारा देणारे आवाज, काहीच घडत नसल्याचा देखावा करणारे चेहरे हेही तितकेच आवश्यक. हे विंगमनचे काम होते.

१७/
दिशा कोणती? भारताची सीमा पूर्वेला; पण युद्धानंतर तिथे सैन्य आणि सुरुंग. म्हणून पश्चिमेची निवड झाली : पेशावर, खैबर खिंड, मग अफगाणिस्तान. कलम ९१ नुसार शत्रूचा प्रदेश सोडला की पलायन यशस्वी ठरते. १४ ऑगस्ट हा पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन, म्हणून पहाऱ्यात सणाची ढिलाई असण्याची शक्यता. १२ ऑगस्टच्या रात्री वादळ आले आणि तिघे निघाले.

१८/
बसने ते पेशावरला पोहोचले, तिथून जमरूद आणि सकाळीच खैबर खिंडीतील लंडी कोतल. सीमा आता सुमारे आठ किलोमीटरवर होती. नकाशानुसार पुढचे ठिकाण लंडी खाना, म्हणून त्यांनी तिथे जाण्याची वाट विचारली. पण लंडी खाना हे स्थानक इंग्रजांनी १९२६ मध्ये सुरू करून १९३२ मध्येच बंद केलेले. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्थानकाची चौकशी करणारे तीन परके तरुण लोकांच्या नजरेत भरले.

१९/
संशयाला आणखी एक कारण होते. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर पश्चिम पाकिस्तानात अडकलेले अनेक बंगाली याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत होते. हे तिघे तसेच असावेत असे समजून त्यांना तहसीलदारापुढे उभे करण्यात आले. आपण पाकिस्तानी हवाई दलाचे कर्मचारी आहोत, ही त्यांची बतावणी टिकेना. कबायली मुलखात, हेर समजले गेल्यास, प्रसंग जिवावर बेतला असता.

२०/
तेव्हा पारुळकरांनी एक विनंती केली : पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसीला फोन लावा. हा एडीसी म्हणजे छावणीचे पूर्वीचे प्रमुख, उस्मान हमीद. त्यांची ही नवी नेमणूक कैद्यांना ठाऊक होती. फोन लागला. हमीद यांनी प्रसंग ओळखला आणि ही माणसे आमची आहेत, त्यांना सांभाळा, असा निरोप दिला. नाताळला केक मागवणाऱ्या शत्रूवर पारुळकरांनी ऐन संकटात विश्वास टाकला आणि तो विश्वास खोटा ठरला नाही.

२१/
तिघांना एकांतवासाची शिक्षा झाली. रावळपिंडीची तुलनेने सौम्य छावणी संपली आणि कैद्यांची रवानगी लायलपूरच्या, म्हणजे आजच्या फैसलाबादच्या तुरुंगात झाली. १ डिसेंबर १९७२ रोजी बाराही जण वाघा सीमेवरून मायदेशी परतले. पारुळकरांना या पलायनासाठी पुढे विशिष्ट सेवा पदक मिळाले आणि ते ग्रुप कॅप्टन या हुद्द्यापर्यंत पोहोचले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

२२/
हिशोबी नजरेने पाहिले तर पलायन फसले : तिघे सीमेवर पोहोचले नाहीत आणि साडेतीन महिन्यांनी सगळेच परतले. पण बाराही जणांना त्या महिन्यांत कैदेत काहीतरी ठरवता आले, वाटून घेता आले, एकमेकांसाठी धोका पत्करता आला. नऊ जणांनी तो पत्करला, तोही सुटकेची शक्यता नसताना. पदके कृतीला मिळतात; संमतीची नोंद ठेवणारे पदक कोणत्याही सैन्यात नाही. म्हणून ही कथा पुढे सांगताना तिसऱ्या पोस्टमधील बाराही नावे सांगावीत.