एक टक्क्याचा शंभरावा भाग

बाहुल्या टपोऱ्या दिसाव्यात म्हणून इटलीतल्या स्त्रिया डोळ्यांत बेलाडोनाचा रस घालीत. त्यातले द्रव्य अ‍ॅट्रोपिन. आपल्या धोतऱ्यातही ते असते. मुलांचा मायनस नंबर रोखण्यासाठी ते एकोणिसाव्या शतकापासून वापरले गेले, पण भक्कम पुरावा आला २००६ साली, सिंगापूरहून. ४०० मुलांपैकी निम्म्यांच्या एका डोळ्यात दोन वर्षे रोज एक टक्क्याचे थेंब घातले. नंबर बराच आवरला. मात्र उजेडात डोळे दिपत, जवळचे अक्षर पुसट होई आणि थेंब थांबवताच नंबर पुन्हा धावू लागे.

२०१२च्या दुसऱ्या प्रयोगात ०.०१ टक्क्याचे द्रावणही होते. त्याचा परिणाम नगण्य असेल, तुलनेपुरते ते चालेल, असा संशोधकांचा होरा. तेच भाव खाऊन गेले! थेंब बंद केल्यावरची उसळीही त्याचीच सर्वांत कमी. मला खटकते ते वेगळेच: या प्रयोगात बिनऔषधाचा गटच नव्हता आणि नेत्रगोलाची लांबी तर वाढतच होती.

तो गट २०१९ साली हाँगकाँगच्या प्रयोगात आला. वर्षभरात तिथल्या मुलांचा नंबर सरासरी वाढला तो असा: बिनऔषधाच्या थेंबांनी ०.८१, ०.०१ टक्क्याने ०.५९ आणि ०.०५ टक्क्याने ०.२७.