वातबोगद्यातील खळबळ आणि सीमास्तरातील लाटा

विमानाच्या पंखाला टेकलेल्या हवेचा पंखाच्या सापेक्ष वेग शून्य असतो. पृष्ठभागापासून थोड्याच अंतरावर तो बाहेरच्या प्रवाहाइतका होतो. मधल्या या पातळ थराला सीमास्तर म्हणतात. लुडविग प्रांटल यांनी ही कल्पना १९०४ मध्ये हायडेलबर्ग येथील गणितज्ञांच्या परिषदेत मांडली.

सपाट पट्टीवर सीमास्तरातील प्रवाह सुरुवातीला स्तरीय, म्हणजे लॅमिनार असतो. पुढे तो संक्षुब्ध होतो आणि घर्षण बरेच वाढते. हा बदल होतो कसा? गटिंगेन येथे प्रांटल यांचे सहकारी वाल्टर टोलमीन यांनी १९२९ मध्ये गणिताने दाखवले, की विशिष्ट रेनॉल्ड्स अंकानंतर ठरावीक वारंवारतेच्या सूक्ष्म लाटा सीमास्तरात वाढू लागतात. हेर्मान श्लिश्टिंग यांनी १९३३ मध्ये त्यांच्या वाढीचे प्रमाण काढले.

पण प्रयोगांत या लाटा दिसेनात. त्यामुळे अनेकांनी हा सिद्धांत मानला नाही. बाहेरच्या प्रवाहातील खळबळच सीमास्तर बिघडवते, असे जी. आय. टेलर यांचे मत होते, आणि त्या काळच्या वातबोगद्यांतील मोजमापे त्याला अनुकूल होती.

खरी अडचण वातबोगद्यांतच होती. तिथली हवा आधीच इतकी खळबळलेली असे, की लाटा वाढण्यापूर्वीच प्रवाह संक्षुब्ध होई. वॉशिंग्टन येथील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्‌समध्ये ह्यू ड्रायडन यांच्या गटाने वातबोगद्यात बारीक जाळ्या बसवून ही खळबळ फार कमी केली. ती ०.०८ टक्क्यांखाली गेल्यावर सपाट पट्टीवरील प्रवाह रेनॉल्ड्स अंक सुमारे २८ लाख होईपर्यंत स्तरीय राहिला.

१९४०च्या सुमारास तिथेच शुबावर आणि स्क्रॅमस्टॅड यांना विजेने तापवलेल्या बारीक तारेच्या साह्याने सीमास्तरात नियमित लाटा आढळल्या. मग त्यांनी पृष्ठभागाजवळ धातूची पातळ फीत कंपित करून हव्या त्या वारंवारतेच्या लाटा स्वतः निर्माण केल्या. कोणत्या लाटा वाढतात आणि कोणत्या विरतात, याचे उत्तर सिद्धांताशी जुळले. युद्धामुळे १९४३ चा त्यांचा अहवाल गुप्त राहिला. युद्ध संपल्यावर तो खुला झाला.

टेलर यांचे म्हणणेही पूर्ण चुकीचे नव्हते. खळबळ जास्त असेल, तर प्रवाह या लाटांशिवायही संक्षुब्ध होतो. म्हणून प्रयोगशाळेत अपेक्षित परिणाम दिसला नाही, तर सूत्राला दोष देण्याआधी एक प्रश्न विचारावा: तो परिणाम दाखवण्याइतके आपले उपकरण शांत आहे का?