माताआफा, फियामे नाओमी

माताआफा, फियामे नाओमी : (२९ एप्रिल १९५७ – ). सामोआच्या पहिल्या महिला पंतप्रधान आणि लोतोफागा मतदारसंघाच्या खासदार. जन्म आपिया येथे. वडील देशाचे पहिले पंतप्रधान. आईही खासदार होत्या. वडिलांच्या निधनानंतर (१९७५) त्यांच्या पदव्यांचा वारसा कोणाकडे जावा यावरून कज्जे सुरू झाले. त्यासाठी वेलिंग्टनला शिकणाऱ्या नाओमी मायदेशी परतल्या आणि १९७८ मध्ये त्यांना ‘फियामे’ ही पदवी मिळाली. सामोआत ‘मताई’, म्हणजे कुळाचे प्रमुखपद, असल्याशिवाय संसदेची निवडणूक लढवता येत नाही; म्हणून या पदवीला राजकीय मोल आहे.

मानवाधिकार संरक्षण पक्षातर्फे त्या १९८५ मध्ये निवडून आल्या. १९९१ मध्ये त्या शिक्षणमंत्री झाल्या. मंत्रिमंडळातील त्या पहिल्या महिला. हे खाते त्यांनी पंधरा वर्षे सांभाळले. पुढे महिला व समाजविकास आणि न्याय ही खातीही त्यांच्याकडे आली. २०१६ मध्ये त्या उपपंतप्रधान झाल्या.

जमीन व पदव्यांविषयीचे न्यायालय सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीतून काढून घेणारी विधेयके सरकारने आणली, तेव्हा सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पस्तीस वर्षांचा पक्ष तत्त्वासाठी सोडण्याचा हा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाचा मानावा लागेल. एप्रिल २०२१ च्या निवडणुकीत त्यांच्या नेतृत्वाखालील ‘फास्ट’ पक्षाने २५ जागा जिंकल्या व एका अपक्षाच्या पाठिंब्याने बहुमत गाठले. बावीस वर्षांहून अधिक काळ पंतप्रधान असलेले तुइलाएपा साइलेले मालिएलेगाओई मात्र पायउतार होईनात. २४ मे रोजी सरन्यायाधीश झगा व केसांचा टोप अशा वेशात संसद भवनापर्यंत चालत आले, तर दारांना कुलूप! अखेर आवारातील हिरवळीवर उभारलेल्या मांडवातच फियामे व त्यांच्या सहकाऱ्यांनी शपथ घेतली. अपील न्यायालयाने २३ जुलै रोजी हा शपथविधी वैध ठरवला.

पंतप्रधान म्हणून त्यांनी वाइउसू उपसागरातील चीनच्या अर्थसाहाय्याचा, सुमारे १० कोटी डॉलरचा बंदर प्रकल्प रद्द केला. छोट्या देशाला एवढे कर्ज पेलणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपियात राष्ट्रकुलाची शिखर परिषद भरली. जानेवारी २०२५ मध्ये ‘फास्ट’ फुटला. दोन अविश्वास ठराव त्यांनी परतवले, पण मे महिन्यात अर्थसंकल्प फेटाळला गेल्याने संसद विसर्जित झाली. ऑगस्टच्या निवडणुकीत त्यांच्या नव्या पक्षाला तीनच जागा मिळाल्या आणि पंतप्रधानपद गेले. लोतोफागाची जागा त्यांनी राखली.