रुग्णशय्येवरील टपाल

आजाऱ्याच्या समाचारास जाणें हा आपल्याकडे शिष्टाचाराचा भाग समजला जातो. ज्यास जाणें शक्य नसतें तो पत्र पाठवितो. आणि ज्यास पत्र लिहिण्याची सवड नसते तो रंगीत चित्राचें, छापील मजकुराचें कार्ड पाठवितो. दुखणें चार दिवसांचें असलें म्हणजे काय लिहावें ह्याचा विचार पडत नाहीं. परंतु जें दुखणें वर्षानुवर्षें सोबत करणार, किंवा ज्याचा शेवट घरांत सर्वांस ठाऊक आहे, त्यांत सांपडलेल्या माणसास आनंदाचा मजकूर पाठवावयाचा म्हणजे लेखणी अडखळते. ‘लवकर बरे व्हा’ हे तीन शब्द लिहिणारास सोपे असतात. वाचणारास ते कसे लागत असतील? हा प्रश्न आजचा नाहीं. पाश्चात्त्य देशांत टपाल जसजसें स्वस्त होत गेलें, तसतसा तो अधिक तीव्र होत गेला. म्हणून त्या इतिहासांतील कांहीं प्रसंग वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

इ. स. १८४० पूर्वीं इंग्लंडांत पत्राचें हशील बहुधा पाठविणारा देत नसे. ज्याच्या दारीं पत्र येई त्यानें तें भरावयाचें, आणि तेंही अंतर व कागदांची संख्या पाहून. म्हणजे आजाऱ्यास धीर द्यावयाचा तर त्या धीराची किंमत आजाऱ्याच्याच घरानें मोजावयाची, असा हा उफराटा न्याय होता. अशा काळीं पत्रांत उगाच शब्द खर्चून चालत नसे. १८२० च्या फेब्रुवारींत सिडनी स्मिथ ह्या विनोदी धर्मोपदेशकानें लेडी जॉर्जियाना मॉर्पेथ ह्या बाईंस एक पत्र लिहिलें. बाईंचें मन खिन्नतेनें ग्रासलेलें होतें. स्मिथनें त्यांस ओळीनें वीस सूचना केल्या आहेत. त्यांत गार पाण्याच्या स्नानाची शिफारस आहे, मन रमविणाऱ्या पुस्तकांची आहे, खोलींतील विस्तव चांगला पेटता ठेवण्याची आहे, आणि दृष्टि फार लांबवर न नेतां पुढच्या जेवणापर्यंतच ठेवावी असाही उपदेश आहे. परंतु ह्या सर्वांच्या आधीं त्यानें एक गोष्ट केली. ह्या दुखण्याचा अनुभव आपणांसही पुरेपूर आहे, हें त्यानें आरंभींच सांगून टाकिलें. त्यामुळें त्याचा विनोद उंचावरून पडत नाहीं. तो शेजारीं येऊन बसतो.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत कवि जॉन कीट्स क्षयानें खंगलेला असा इटलीस जाण्यास निघाला. सोबत जोसेफ सेव्हर्न हा तरुण चित्रकार होता. रोम येथें कीट्सला त्याची वाग्दत्त वधू फॅनी ब्रॉन हिचीं पत्रें येत. परंतु तीं उघडण्याचें बळ त्याच्या मनास उरलें नव्हतें. २३ फेब्रुवारी १८२१ रोजीं, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षीं, तो वारला, आणि न उघडलेलीं पत्रें त्याच्याबरोबरच पुरण्यांत आलीं. त्या पत्रांत प्रेमाची उणीव होती असें कोण म्हणेल? परंतु जें सुख हातचें जात आहे त्याचा नुसता हस्ताक्षरानें होणारा स्पर्शही कित्येकदां सहन होत नाहीं. पत्र पाठविणें हा पाठविणाराचा अधिकार असला, तरी तें उघडावें कीं न उघडावें हा रुग्णाचा अधिकार आहे, हा ह्या कथेचा बोध आम्हांस वाटतो.

पुढें रोलंड हिल ह्याच्या खटपटीनें १० जानेवारी १८४० पासून ब्रिटनमध्यें सर्वत्र एक पेनी दराचें टपाल सुरू झालें, आणि मे महिन्यांत तिकिटें आलीं. पैसे आतां पाठविणारा देऊं लागला. तीनच वर्षांनीं, १८४३ सालीं, हेन्री कोल ह्या गृहस्थानें जे. सी. हॉर्स्ले ह्या चित्रकाराकडून नाताळचें कार्ड काढवून त्याच्या एक हजार प्रती छापविल्या. नाताळांतील पत्रांना एकेक उत्तर लिहीत बसण्याचा भार हलका व्हावा, हा त्यांतील हेतु होता. शुभेच्छेचें छापील कार्ड जन्मास आलें तेंच मुळीं लेखनाचे श्रम वांचविण्यासाठीं! पुढें १८६९ च्या ऑक्टोबरांत ऑस्ट्रियानें पोस्टकार्ड काढलें, आणि १ जुलै १८७९ रोजीं तें पाव आण्यास हिंदुस्थानांतही मिळूं लागलें. एका पैशांत खुशाली कळविण्याची सोय झाली, हा उपकार लहान नव्हे. परंतु पोस्टकार्ड उघडें असतें; पोस्टमनापासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही तें वाचावें. त्यावर मनांतलें दुःख लिहिण्यास कोण धजणार? तेव्हां ‘सर्व क्षेम’ लिहिण्याची जी संवय आपल्या हातास जडली, तिला ह्या उघड्या कागदानेंही हातभार लाविला असावा.

ह्याच काळांत रुग्णाच्या बाजूनें बोलणारें एक माणूस पुढें आलें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें १८५९ सालीं परिचर्येवर जें लहानसें पुस्तक लिहिलें, त्यांत पोकळ आशा व आगंतुक उपदेश ह्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णास हंसतमुखानें ‘तुम्हांस कांहीं झालेलें नाहीं’ असें सांगणाऱ्या स्नेह्यांइतका ताप त्यास दुसऱ्या कशानेंही होत नाहीं, असें तिचें म्हणणें आहे. आपली स्थिति रुग्ण जाणून असतो. तिला हलकें लेखलें म्हणजे तो एकाकी पडतो. परंतु नाइटिंगेल आनंदाच्या विरुद्ध नव्हती. खऱ्या आनंदाची वार्ता रुग्णास अवश्य सांगावी, कोणाचें सत्कार्य तडीस गेल्याचें ऐकवावें, तान्ह्या मुलास त्यास भेटवावें, एखादा लहान प्राणी सोबतीस द्यावा, असें ती सांगते. हें बाहेरून केलेलें पांडित्य नव्हतें. क्रिमियाच्या युद्धानंतर तिची स्वतःचीच प्रकृति खालावली, आणि आयुष्याचीं पुष्कळ वर्षें तिनें खोलींत व बिछान्यावर काढिलीं. तेथूनच ती हिंदुस्थानांतील आरोग्यासंबंधीं लिहीत राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशींही तिचा पत्रव्यवहार होता. टपालानें तिला जगाशीं बांधून ठेविलें तें नुसत्या सांत्वनानें नव्हे, तर कामानें.

आतां अगदीं अलीकडील एक कथा. इंग्लंडांतील क्रेग शेरगोल्ड ह्या नऊ वर्षांच्या मुलाच्या मेंदूंत गांठ असल्याचें १९८८ सालीं कळलें. वांचण्याची आशा थोडी होती. त्याच्या हितचिंतकांनीं १९८९ सालीं असें योजिलें कीं, शुभेच्छांचीं सर्वांत अधिक कार्डें मिळण्याचा विक्रम त्याच्या नांवावर व्हावा. जगानें ही हांक उचलून धरली. थोड्याच महिन्यांत विक्रम मोडला. १९९० मध्यें संख्या एक कोटि साठ लाखांपलीकडे, आणि १९९१ च्या मे महिन्यापर्यंत सुमारें तीन कोटि तीस लाखांवर गेली. ही हांक जॉन क्लूगी ह्या धनाढ्य अमेरिकनाच्याही कानीं गेली. परंतु त्यानें निराळाच प्रश्न केला: ह्या मुलाचें दुखणें खरोखर असाध्य आहे काय? त्यानें व्हर्जिनिया विद्यापीठांतील शस्त्रवैद्य नील कॅसेल ह्यांस गांठलें व खर्चाचा भार उचलला. १९९१ च्या मार्चमध्यें शस्त्रक्रिया होऊन गांठीचा बहुतेक भाग निघाला. मुलगा वांचला, मोठा झाला, आणि एप्रिल २०२० मध्यें, करोनाच्या साथींत, वयाचीं चाळीस वर्षें पुरीं करून वारला.

कार्डांचा ओघ मात्र तो बरा झाल्यावरही थांबेना. कुटुंबानें ‘आतां पुरे’ म्हणून विनविलें. विक्रमांच्या ग्रंथानें हा प्रकारच बंद केला. तरीही मूळ विनंती हातोहात फिरत राहिली, तिच्यांत पाठभेद शिरले, आणि शुभेच्छांच्या जागीं धंद्याचीं नांवपत्रें पाठविण्याची मागणी होऊं लागली. ज्यांचा ह्या प्रकरणाशीं कांहीं संबंध नव्हता अशा संस्थांचींही नांवें तींत गोंवलीं गेलीं. कार्ड घालणाऱ्यांपैकीं बहुतेकांचा हेतु निर्मळ होता ह्यांत शंका नाहीं. आणि त्या लोंढ्यावांचून क्लूगीच्या कानीं ही गोष्ट गेली नसती, हेंही न्यायानें कबूल केलें पाहिजे. परंतु मुलगा बरा झाला किंवा कसें ह्याची चौकशी न करतां जो कार्ड घालतो, तो रुग्णास नव्हे, आपल्याच मनास समाधान पाठवीत असतो.

ह्या सर्व प्रसंगांतून आमच्या मतें एकच कसोटी निघते. आनंदाच्या पत्रानें रुग्णाकडे कांहीं मागूं नये. बरें होण्याचें वचन मागूं नये, शौर्याचें प्रदर्शन मागूं नये, उत्तरही मागूं नये. त्यानें उलट कांहीं द्यावें: अंगणांतल्या आंब्यास मोहोर आला, धाकटी पहिल्यानें वाचूं लागली, अमक्या पुस्तकावरून आमचा वाद झाला व तो तुमच्यावांचून अपुरा राहिला. अशा मजकुरानें रुग्ण हा रुग्ण न राहतां आपल्या घरचा, आपल्या वादांतला माणूस राहतो. छापील कार्डावरही अशा दोन ओळी हातानें लिहितां येतात. आणखी एक सुचवावेंसें वाटतें. दुखण्याच्या पहिल्या आठवड्यांत टपाल पुष्कळ येतें. सहाव्या महिन्यांत पोस्टमन दारावरून पुढें निघून जातो. पत्र लिहावयाचें तें त्या सहाव्या महिन्यांत लिहावें.