अंगणवाडी पोचली, पाळणाघर राहिलं

नूतन बाल शिक्षण संघ 1926 साली स्थापन झाला, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या पुढाकाराने. माँटेसोरी पद्धत दोघांनाही पटलेली होती, पण तिची साधनं महाग. खेड्यातल्या गरीब मुलाच्या हाती ती कशी पडायची, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. 1945 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, मुंबईतलं बस्तान सोडून त्या बोर्डीला गेल्या. कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात भेट झालेल्या अनुताई वाघ सोबत आल्या आणि 1992 मध्ये जाईपर्यंत त्यांनी हे काम सोडलं नाही.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुलं येईनात. मग बालवाडीच वस्तीत गेली. कुणाच्या तरी अंगणात मुलं गोळा करायची, आधी आंघोळ, नखं, केस, मग गाणी-गोष्टी. साधनं आजूबाजूची, फुकटची: शिंपले, खडे, बिया, पानं. मोजायला शिकण्यासाठी याहून जास्त काही लागत नाही.

पुढे संस्था कोसबाडच्या टेकडीवर आली. तिथल्या वारली पाड्यांवर वेगळाच पेच. मोठी मुलगी शाळेत यायची नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड. तिला दटावून काय उपयोग? विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. ताई वर्गात, भाऊ पाळण्यात, दोघं हाकेच्या अंतरावर. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा थेट कुरणात भरली. माझ्या मते संघाच्या सगळ्या वाटचालीत विकासवाडी हे सर्वांत मोठं पाऊल. घरातल्या सांभाळाचा भार आधी कुणी उचलला, तरच ती मुलगी शिकणार, हे तिथे ओळखलं गेलं.

ताराबाई 1973 मध्ये गेल्या. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने 33 प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर गेली. आज तिची केंद्रं 14 लाखांच्या घरात आहेत. एवढा विस्तार फार थोड्या प्रयोगांच्या नशिबी येतो. पण या विस्तारात पाळणाघर मागे राहिलं. पोषण आहार, लसीकरण, वजनकाटा, गरोदर मातांची नोंद, सगळं आलं. मूल दिवसभर ठेवायची सोय तेवढी आली नाही. सेविका आणि मदतनीस मानधनावरच राहिल्या. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला 2022 मध्ये सांगावं लागलं.

पाळणाघर नसण्याचा अर्थ बदलापूर पश्चिमेच्या बेलवलीत नीट कळतो. इथून मुंबई सीएसएमटी 68 किलोमीटर, लोकलने दीड तासाच्या आसपास. सकाळी सातची गाडी धरणाऱ्या आईला काही तासांची अंगणवाडी कशी पुरणार? घरात आजी असेल तर निभतं. पण आजीचेही गुडघे दुखतात, तिलाही कुणीतरी लागतं, आणि ती अंथरुणाला खिळली की नोकरी सुटते ती बहुतेकदा सुनेची. अशा म्हाताऱ्या माणसांसाठी जपानने 2000 साली दीर्घकालीन शुश्रूषेचा सार्वजनिक विमा सुरू केला. केरळात मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी अंथरुणावरच्या रुग्णांच्या घरी जायला सुरुवात केली, आणि 2008 मध्ये राज्याने त्यासाठी धोरणच केलं. आपल्याकडे म्हातारपणाच्या सांभाळाला अजून अंगणवाडीएवढाही आधार नाही.

2022 पासून मिशन शक्तीखालच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याचं ठरलं आहे. उद्दिष्ट 17,000 केंद्रांचं. म्हणजे विकासवाडीचा राहिलेला भाग उशिरा का होईना, निघाला आहे. बेलवलीत तो पोचेल तेव्हा सरकारी कचेरीच्या वेळा चालणार नाहीत. सकाळी साडेसहाला दार उघडायला हवं, संध्याकाळी आई गाडीतून उतरेपर्यंत ते उघडं राहायला हवं, आणि त्यासाठी दोन पाळ्यांत, पुऱ्या पगारावर बायका नेमाव्या लागतील.