झोळी : बांधावरून स्लॅबखाली

गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडीत दुपारी फिरलात, तर उघड्या दारांतून जमिनीपासून हातभर उंचीवर झुलणारं जुनेर हमखास दिसतं. ही झोळी. ‘बाळाला आपलं आपण झोपायला शिकवा’ हा सल्ला आता इथल्या तरुण आयांच्या मोबाइलवरही पोचलाय. पण बाळाला मांडीवरून खाली ठेवायची युक्ती या वस्तीने गावाकडूनच आणली होती.

झोळी मूळची शेताच्या बांधावरची. पाळणा हा घरात बसणाऱ्यांचा. सुताराने घडवायचा, बारशाला सजवायचा. खुरपायला किंवा ऊसतोडीला जाणारी बाई तो कुठे नेणार? तिने जुनं लुगडं बाभळीच्या फांदीला बांधलं आणि हात मोकळे केले.

मुंबईत फांदीची जागा पत्र्याखालच्या वाशाने घेतली. बांधणी तीच. लुगडं सुतीच हवं. सिंथेटिकची गाठ सरकते. बाळाच्या वर, कापडाच्या दोन पदरांमध्ये आडवी काठी घालायची, म्हणजे झोळीचं तोंड मिटत नाही आणि हवा खेळते. झोळीला एक दोरी बांधायची. दोरीचं टोक चुलीपाशी, पुढे स्टोव्हपाशी. एका हाताने पीठ मळायचं, दुसऱ्याने दोरी ओढायची.

पुनर्वसनाच्या इमारतींत २२५ चौरस फुटांची खोली मिळाली आणि वासा गेला. मग स्लॅबच्या हुकाला स्टीलची स्प्रिंग आली. हा बदल वाटतो त्याहून मोठा आहे. दोरीला आईचा हात लागतो. स्प्रिंग मात्र बाळाने पाय झाडला तरी हलते. बाळ स्वतःच स्वतःला झोका देऊ लागलं.

मोबाइलवरच्या सल्ल्याचं कूळ वेगळं. न्यूयॉर्कचे डॉक्टर ल्यूथर एमेट होल्ट यांनी १८९४ मध्ये आयांसाठी प्रश्नोत्तरांचं पुस्तक काढलं. झोके देणं ही निरुपयोगी सवय आहे, असं त्यांचं मत. १९८५ मध्ये बोस्टनच्या रिचर्ड फर्बर यांनी, बाळ रडलं तर थोडं थांबून जावं आणि थांबण्याची वेळ हळूहळू वाढवावी, ही पद्धत लोकप्रिय केली. ज्या घरात बाळाला वेगळी खोली असते, तिथे हे जमतं. गोवंडीत भिंतीपलीकडे रात्रपाळी करून आलेला शेजारी झोपलेला असतो. तिथे बाळाला रडू देणं हा एकट्या आईचा निर्णय नसतो.

म्हणून झोळीला मागास ठरवू नये, पण तिचे दोषही झाकू नयेत. खोलगट कापडात तान्ह्याची हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो. झोळीशी खेळताना मोठ्या मुलांच्या गळ्याला फास बसून जीव गेल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. तेव्हा झोळी दिवसा, डोळ्यांसमोर आणि जमिनीलगतच असू द्या. रात्री बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणं झोपवा. तोंडाजवळ उशी-गोधडी नको. चारेक महिन्यांनंतर डोळे जड झाले की झोका थांबवा आणि बाळ जागं असतानाच खाली ठेवा. कुरकुरलं तर हाताने थोपटा. स्वतंत्र झोपेचा धडा वेगळ्या खोलीशिवायही असा गिरवता येतो.