फूल, दोन पानं आणि पेडण्याचे मामा

गोवा महाराष्ट्रात येणार, याविषयी १९६६च्या दिवाळीत आमच्या शाहूपुरीत कुणालाच शंका नव्हती. माझे वडील, आण्णा, गुळाच्या पेठेतून रवे भरून ट्रक काढायचे. निपाणी, आजरा, आंबोलीचा घाट, सावंतवाडी, बांदा आणि मग पत्रादेवीचा नाका. माल म्हापशाला उतरायचा आणि येताना खोबरं, सुपारी, कधी काजू. पेठेतल्या लोकांचं म्हणणं सरळ होतं. मंगेशी आपली, शांतादुर्गा आपली, तिकडची पोरं शाळेत मराठी शिकतात, मग दुसरं काय व्हायचं? गाण्यातले जाणकार आणखी पुढे जायचे. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई, दोघीही आमच्या शाहू महाराजांच्या दरबारी गवयाच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. म्हणजे गोव्याचा गळासुद्धा कोल्हापूरनेच घडवला, असा एकूण आमचा समज. पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांच्या गोळ्या खाणाऱ्या सत्याग्रहींत महाराष्ट्रातली माणसं होती, तो हक्क वेगळाच.

घरात गोव्याची खरी बातमी यायची ती मामांकडून. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सरहद्द उघडल्यावर, १९६२ साली, आण्णांनी ट्रकच्या फेऱ्यांतून झालेल्या ओळखीवर बहीण पेडण्याला दिली. मामा कूळ होते. जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, घरही भाटकाराच्याच जागेत. त्यांच्या बोलण्यात महाराष्ट्र हा शब्द क्वचित यायचा, भाटकार मात्र दर वाक्यात. आम्ही कोल्हापूरकर त्यांचं बोलणं ऐकून मान डोलवायचो आणि आपल्याला हवं तेवढंच उचलायचो.

१९६३च्या डिसेंबरात गोव्यात पहिली निवडणूक झाली आणि महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाचे दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पक्षाच्या नावातच महाराष्ट्र, तेव्हा कौल मिळाला असंच आमच्याकडे सगळ्यांनी धरलं. समोर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष. त्यांचं म्हणणं, राज्यकारभारासाठी मिळालेलं मत हे विलीनीकरणाचं मत नव्हे, ते वेगळं विचारा. दिल्लीतही हे पटवणारी माणसं होती; काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर त्यांत पुढे. शेवटी १९६६च्या डिसेंबरात संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. मगो सत्तेवर असताना कौल निष्पक्ष कसा होणार, असा आक्षेप आला, तेव्हा बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, विधानसभा बरखास्त झाली आणि राष्ट्रपती राजवट आली.

मतपत्रिकेवर दोन चित्रं होती. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल. केंद्रशासित प्रदेश राहायचं असेल तर दोन पानं.

त्या महिना-दीड महिन्यात गोव्यात जे झालं, त्याचा आवाज घाटावर नीट पोचलाच नाही. मडगावचं ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठीत निघायचं आणि विलीनीकरणाच्या विरोधात लिहायचं. उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातलंच. कोल्हापुरात हे सांगितलं तर लोक विश्वास ठेवत नव्हते. मराठीत लिहून महाराष्ट्राला नाही म्हणणारा माणूस आमच्या हिशेबात बसतच नव्हता. उल्हास बुयांव गावोगाव कोंकणी गाणी गात फिरत होते. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर गेलेल्या अधिकाऱ्यांबद्दलचा राग होता, नोकऱ्या जातील ही धास्ती होती. आणि दारूबंदी! महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती. फेणीवर पोट असलेल्या माणसाला फूल दिसलं की बंद पडलेली भट्टी दिसायची. (पुढे काही वर्षांत महाराष्ट्राने स्वतःच ती बंदी ढिली केली. तेवढं आधी सुचलं असतं तर, असं आण्णा जन्मभर म्हणत राहिले.)

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झालं. ३,१७,६३३ माणसांनी मत दिलं. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. म्हणजे सतरा हजार माणसं इकडची तिकडे झाली असती तर आज पणजीत आमचा जिल्हाधिकारी बसला असता. गोव्यात हिंदूंची संख्या ख्रिस्ती समाजापेक्षा बरीच जास्त होती. तेव्हा हिंदू सगळे फुलाकडे आणि ख्रिस्ती सगळे पानांकडे, हा पेठेतला हिशेब आकड्यांपुढे टिकत नाही. हजारो हिंदूंनी दोन पानांवर शिक्का मारल्याशिवाय हा निकाल लागूच शकत नव्हता.

आमच्याकडे सुतक पडल्यासारखं झालं. पण खरी गंमत पुढे आहे. त्याच वर्षी २८ मार्चला गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली. कौलाला अडीच महिनेही झाले नव्हते. मगो १६, युनायटेड गोवन्स १२. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री! ज्या लोकांनी जानेवारीत महाराष्ट्राला नाही म्हटलं, त्यांनीच मार्चमध्ये महाराष्ट्रवादी पक्षाच्या हाती राज्य दिलं. लगेच पेठेत बोलणं सुरू झालं, बघा, पस्तावले, मत बदललं, आता पुन्हा कौल घ्या.

मी इतिहास शिकवण्यात नोकरी घालवली, आणि हे दोन निकाल शेजारी मांडून मुलांना विचारायचो की किती जणांनी मत बदललं असेल? उत्तरं मोठमोठी यायची. माझ्या मते फारच थोड्यांनी. कौलात अख्ख्या गोव्याची मतं एका राशीत पडली. विधानसभेत ती मतदारसंघांत वाटली गेली. सासष्टीसारख्या जुन्या काबिजादीच्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या, तालुक्यात पानांच्या बाजूला मतांचे डोंगर होते, पण एका मतदारसंघातला डोंगर कितीही उंच असला तरी त्यातून आमदार एकच निघतो. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या नव्या काबिजादीच्या पट्ट्यात फुलाची मतं पसरून होती, त्यांच्या जागा जास्त झाल्या. मतदार जिथल्या तिथे, निकाल मात्र उलटा.

आणि जे फिरले, म्हणजे ज्यांनी जानेवारीत पानं आणि मार्चमध्ये बांदोडकरांचा सिंह निवडला, त्यांनीही मत बदललं असं मी म्हणणार नाही. त्यांना दोन वेगळे प्रश्न विचारले होते, त्यांनी दोन वेगळी उत्तरं दिली. मामांच्या शेजारचा एक मुंडकार, भाटकाराच्या जागेत घर करून राहणारा, त्यांतलाच. त्याला मुंबईचं राज्य नको होतं आणि भाटकाराचंही नको होतं. जानेवारीच्या मतपत्रिकेवर पहिल्याची सोय होती, मार्चच्या मतपत्रिकेवर दुसऱ्याची. बांदोडकर बहुजन समाजाचे, १९६४ साली कुळांचा कायदा त्यांच्याच सरकारने केलेला, खेड्यापाड्यांत मराठी शाळा त्यांनीच काढलेल्या. त्यांना मत देताना त्या माणसाच्या डोळ्यांपुढे मंत्रालय नव्हतं, नावावर व्हायची जमीन होती.

मामांनी फुलाला मत दिलं होतं आणि ते कधी लपवलंही नाही. आत्याने काय केलं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. आण्णांनी खोदून विचारलं की ती मासे साफ करायला उठायची. पुढे मी कॉलेजात असताना मामांना विचारलं, आज पुन्हा मत द्यायचं झालं तर? ते म्हणाले, ‘हांवें फुलाक मत दिल्लें, तें बरोबरूच आशिल्लें. पूण आतां तें कित्याक?’ तेव्हा दिलं ते बरोबरच होतं, पण आता कशाला? चूक कबूल नाही, पश्चात्ताप नाही, आणि आग्रहही नाही. कौलानंतर माणसाचं मन कुठे जातं, याचं याहून नेमकं उत्तर मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. फूल त्यांना ज्यासाठी हवं होतं, त्यातलं बरंचसं फुलाशिवाय मिळालं. मागणी हरली नाही, तिचं काम संपलं.

नेत्याचंही तसंच. बांदोडकर १२ ऑगस्ट १९७३ रोजी गेले, तोवर विलीनीकरण त्यांच्या पक्षाच्या भाषणांतून मागे पडलेलं होतं. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि सत्तरच्या दशकात चर्चा होऊ लागली ती गोव्याला स्वतंत्र राज्याचा दर्जा मिळण्याची. महाराष्ट्रवादी पक्ष, आणि महाराष्ट्रात जायची घाई कुणालाच नाही! मुख्यमंत्र्याची खुर्ची ज्याने चाखली, तो पणजीहून मुंबईला साधा आमदार म्हणून कशाला जाईल? हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. संस्था उभ्या राहिल्या की त्यांच्यावर जगणारी माणसं तयार होतात, आणि त्यांचं मत आपोआप संस्थेच्या बाजूने झुकतं. माझा आतेभाऊ गोवा सरकारच्या नोकरीत होता. कौलाच्या वेळी रांगतं पोर. विलीनीकरणाचा विषय काढला की तो हसून म्हणायचा, ‘म्हणजे माझी बदली गडचिरोलीला करणार का?’ बापाने दिलेलं मत पोराने बदललं म्हणावं, तर पोराला ते मत कधी नव्हतंच.

भाषेचं मात्र वेगळं. १९८५-८६ साली कोंकणीचं आंदोलन पेटलं, तेव्हा जुन्या फुलवाल्या भागांतून मराठीसाठी तेवढ्याच जोराने माणसं उभी राहिली. ४ फेब्रुवारी १९८७ला राजभाषा कायदा झाला, देवनागरी कोंकणी राजभाषा ठरली आणि मराठीच्या वापराचीही सोय ठेवली गेली. त्या धामधुमीत मामा मराठीच्या मोर्चात होते. महाराष्ट्रात चला, असं मात्र त्या मोर्चात कुणी म्हणत नव्हतं. म्हणजे मत होतं तिथेच होतं, फक्त विलीनीकरणाचं खोगीर पाठीवरून उतरलं होतं. आणि ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झालं. हा पर्याय वीस वर्षांपूर्वीच्या मतपत्रिकेवर नव्हताच! ना फूल, ना दोन पानं. जिंकलेल्यांनीही आपली जिंकलेली गोष्ट, केंद्रशासित प्रदेश, खुशीने टाकून दिली. हरलेल्यांच्या मतबदलाची चर्चा आम्ही इतकी केली, जिंकलेल्यांची कुणी केली नाही.

परदेशात याहून फार निराळं दिसत नाही. नॉर्वेने युरोपच्या संघात जायचं का, हे लोकांना १९७२ साली विचारलं आणि पुन्हा १९९४ साली विचारलं. दोन्हीदा नाही, तेही जवळपास त्याच फरकाने. मधल्या बावीस वर्षांत एक अख्खी पिढी बदलली होती. ब्रिटनचं उलट. २०१६ साली जेमतेम ५२ टक्क्यांनी त्या संघातून बाहेर पडायचं ठरलं आणि आता पाहण्यांत बहुतेक लोक ती चूक होती म्हणतात. पण त्यातही आपल्या बाजूवरून हललेले तुलनेने थोडे. तेव्हा मताचं वय नसलेली मुलं आता मोजली जातात, हे त्यातलं मोठं कारण. गोव्यात १९६७ साली मताचं वय एकवीस होतं. त्या दिवशी शिक्का मारलेला सर्वांत तरुण माणूस आज ऐंशीच्या घरात आहे.

आम्हा कोल्हापूरकरांना असं कधी कुणी विचारलं नाही. १ मार्च १९४९ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, ते करारावर. लहानपणी महाद्वार रोडला संस्थानाच्या आठवणी काढणारे म्हातारे होते, त्यांची तक्रार विलीन झाल्याची कमी आणि न विचारल्याची जास्त असायची. ते गेले तशी ती तक्रारही गेली.

बेळगाव-निपाणीची, म्हणजे कर्नाटकात गेलेल्या मराठी सीमाभागाची, तक्रार मात्र गेली नाही. गोव्याला कौल मिळाला त्याच सुमारास, ऑक्टोबर १९६६मध्ये, सीमाभागाला महाजन आयोग मिळाला. तिकडे मतपेटी, इकडे कागद. आता गोवा १६ जानेवारीला अस्मिताय दीस पाळतो आणि दुसऱ्याच दिवशी, १७ला, सीमाभाग १९५६च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांना अभिवादन करतो. तिथे कौल झालाच नाही, म्हणून प्रत्येक निवडणूक हाच कौल समजायची सवय दोन्ही बाजूंना लागली आहे. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ साली कर्नाटक विधानसभेत दोन आमदार निवडून आले. २०१८ला एकही नाही, २०२३लाही नाही. लगेच कानडी बाजूचे म्हणू लागले की मराठी माणसाचं मत बदललं. १९६७च्या एप्रिलमध्ये आमची पेठ गोव्याबद्दल हेच म्हणत होती. निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी आण्णांचे जुने स्नेही. त्यांच्या मुलाने मागच्या वेळी एका राष्ट्रीय पक्षाला मत दिलं. रस्ता, पाणी आणि तंबाखूचा दर, ही त्याची कारणं. सीमाप्रश्नाचं काय, म्हटल्यावर तो म्हणाला, ‘काका, ते त्या मशीनवर कुठं होतं?’ महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे, तो अजून तिथेच आहे.